शेवटच्या जागेवरची सायकल

प्रिय ताई,

सायकल विकून टाक, असं तू म्हणालीस, त्याचं उत्तर अखेरीला लिहिते. त्या सायकलीकडे तुला बघवत नाही, हे कळतं मला. पुराच्या आदल्या संध्याकाळी तू तुझ्या गल्लीला एकेक पिशवी तेवढी घेऊन टेकडीवर चढायला लावलंस. बेकरीवाल्याला त्याचं पीठ मळायचं मशिनही हलवू दिलं नाहीस, आणि स्वतः मात्र सायकल ढकलत वर आलीस. सकाळी खाली सगळं पाण्यात गेलं होतं. तेव्हापासून खोऱ्यात तोंड दाखवायचं नाही, असं तू ठरवून टाकलंस. मी वाद घालत नाही. रविवारची हकीकत तेवढी सांगते. रोजनिशीत लिहिलेलं मी दुसऱ्या दिवशी निम्मं खोडते, तुला ठाऊक आहे. यातलं काही खोडलेलं नाही.

आपला सायकल-गट पुरानंतर पहिल्यांदाच खोऱ्यात उतरला. मी तुझीच सायकल घेतली होती, म्हणून तुझी जागाही, सगळ्यात मागची, मला दिली. नर्सबाई म्हणाल्या, "बहीण आहेस, रक्तातच असणार!" रक्तात काही नाही, हे पहिल्या चढावरच सगळ्यांना कळलं. मागे राहणं सोपं असतं असं मला इतकी वर्षं वाटत होतं. दमलेल्या माणसाला न विचारता त्याच्याबरोबर थांबायचं आणि आपलीच चेन सैल झालीय असं दाखवायचं, ही तुझी युक्ती मी पोस्टमास्तरांवर करून पाहिली. ते म्हणाले, "धाकटे, तुझी चेन ठीक आहे. माझे गुडघे सैल झालेत."

नदी आता इतकी साळसूद वाहतेय की राग यावा. भिंतींवर गाळाची रेघ अजून आहे, खिडक्यांच्याही वर. पण फुगलेली दारं रंधा मारून उन्हात उभी केलीत, शाळेच्या धुतलेल्या बाकांनी अख्खं मैदान भरलंय, आणि गाळावर कोवळं गवत आलंय. हात हलवून लोक पुन्हा कामाला लागत होते. आपल्याकडे बघत बसायला कुणाला वेळ नव्हता, ते मला फार आवडलं.

पुलापाशी, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी, नेहमीसारखे सगळे थांबले होते. मी पोचले आणि घोटाळा केला. तुझं दुकान बघत राहिले. शटर वर, फरशी स्वच्छ पुसलेली, तुझं कापड बेतायचं टेबल कोरडं, पायाखाली विटा लावून उभं. आत गाळाचा कण नाही. त्या नादात, मागच्याने पोचल्यावर द्यायची "शेवट आला!" ही हाक द्यायची राहून गेली. मला वाटलं, हे दम खातायत. त्यांना वाटलं, मागे अजून कोणीतरी आहे. सगळे आपापल्या सायकली धरून, अगदी शहाण्यासारखे, रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे.

तेवढ्यात बेकरीवाल्याची आई काठी टेकत बाहेर आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ तुझ्या सायकलीच्या कॅरियरवर हात ठेवला आणि गल्लीकडे तोंड करून ओरडली, "अगं बाई, माझी गाडी आली!" मग आमच्याकडे वळून, "आणि तुम्ही उभे काय राहिलात खांबासारखे? शेवट आला!"

ताई, कॅरियरवर कोण बसलं होतं, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. ते बेकरीवाल्याने सांगितलं. अख्खा चढ तू ढकलत होतीस आणि म्हातारी तुलाच दटावत होती, "हळू, मी पिठाचं पोतं नाही!" वर पोचल्यावर तू सवयीने "शेवट आला" म्हणालीस, तेव्हा कुठे लोक खाली टेकले. तो म्हणाला, "मशिन काय, नवं आलं. आई कुठून आणली असती?" दुकान कोणी साफ केलं, विचारलं, तर हसला. सगळ्या गल्लीने. तुला न विचारता. तू तरी त्यांना कुठे विचारलं होतंस?

परतताना मला अभिमान वाटत होता. नेहमीप्रमाणे स्वतःला विचारलं, यात तुझं काय गं? काहीच नाही. तरी पुलापासून घरापर्यंत ताठ बसून सायकल चालवली. पाठ अजून दुखतेय.

तर, सायकल. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला परत पाठवलं. म्हातारी म्हणते गाडी तिची आहे, विकायची असेल तर बोलणी तिच्याशी. माझी काही तेवढी हिंमत नाही, तूच ये आणि बोल. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी गट पुन्हा तिकडेच जातोय. सायकल मी आदल्या दिवशी बेकरीच्या दारात नेऊन ठेवते. मागच्या जागेवर मी बसणार नाही, दुसरं कोणी बसणार नाही. सगळ्यांना सांगून झालंय. आम्ही पुलापाशी थांबू. शेवटचा पोचेपर्यंत कोणी हलायचं नाही, हा नियम तूच घातलायस.

तुझीच,
एका रविवारची बदली,
धाकटी