बोलणारं भूत

झाशी, १२ नोव्हेंबर, मंगळवार

त्या जपानी मांगाच्या, म्हणजे भुताच्या चित्रकथेच्या, दुसऱ्या पर्वाची एवढी वाट पाहिली आणि निघालं काय, तर भूत बोलतं! पहिल्या पर्वात जिन्यावर पाठमोरी बसलेली ती बाई एक शब्द बोलली नव्हती, म्हणून तर आई आणि मी टरकायचो. आता ती तोंड फिरवून चार पानं आपली करुण कहाणी सांगते. भुतानं कशाला बोलायचं?

आईचा मोतीबिंदू काढल्यापासून डोळ्यांना ताण नको म्हणून मीच तिला चित्रं बघून गोष्ट सांगते, मराठीत, अडलं की हिंदीत. आज चहा झाल्याबरोबर ती उशीला टेकून तयारच बसली. "हाँ, सांग. वळली का ती?"

तिचा चेहरा बघून मला खरं सांगवेना. म्हटलं, नाही वळली. मग सुटलेच. बाईला जिन्यावरून उठवलं आणि थेट आपल्या इथल्या तळ्याच्या, लक्ष्मी तालाच्या पायरीवर बसवलं, पाठमोरीच. जपानातून झाशीत कशी आली, कोण जाणे! आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"बोलली का गं काही?"

"एक अक्षर नाही."

आई खूश. जरा वेळानं म्हणाली, "मघापासून पान उलटल्याचा आवाज एकदाही आला नाही."

मी हळूच पुस्तक मिटलं.

"उद्या ते पुस्तक राहू दे. तालावरून पुढं सांग."

मनगटावर बांगडीचा वळ अजून आहे. पुढं काय होणार, मला तरी कुठं ठाऊक! पण ती बोलणार नाही, हे नक्की.