ती आधी गेली तर

मी, केशव खुशालराव भुयार, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त सिनेमा ऑपरेटर, राहणार जठारपेठ, अकोला, हा लेख माझ्या हाताने लिहितो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळे अधू झाले आहेत, पण तो दोष मृत्युपत्राला लागत नाही, असे वकील सांगतात. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भाग पाडलेले नाही. ज्यांनी प्रयत्न केला त्यांची नावे योग्य कलमात येतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही; कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

१. माझी माणसे अशी. पत्नी पंचफुला, वय अडुसष्ट, व्यवसाय शिवणकाम. आम्हाला मूल नाही. धाकटा भाऊ गोपाल, राहणार अंजनगाव सुर्जी. त्याचा मुलगा नितेश आणि मुलगी आरती. वडिलांच्या शेतातला माझा हिस्सा मी १९८४ साली गोपालला लिहून दिला. पंचफुलाशी लग्न करायचे असेल तर शेत सोड, असे घरच्यांनी सांगितले होते. मी शेत सोडले. त्या वेळी माझी बुद्धी ठिकाणावर आहे की नाही, याचा दाखला कोणी मागितला नाही.

माझ्यामागे वाद झालाच तर तो एका गोष्टीवरून होईल: जठारपेठेतले घर पंचफुलाच्या मालकीचे व्हावे, की तिला त्यात फक्त राहू द्यावे. त्याचा निकाल कलम सहा आणि नंतर वाढवलेल्या कलम आठमध्ये आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी तिकडे जावे.

२. पंचफुला माझी पत्नी आहे. लग्न कौंडण्यपूरच्या देवळात झाले. माझ्या बाजूने एकच माणूस आला होता, आमच्या टॉकीजचा डोअरकीपर देवमन वानखडे. नोंदणी नाही, फोटो नाही. रेशन कार्डावर नाव आहे. नितेश विचारतो, "कागद कुठाय?" म्हणून लिहितो की, या लेखात तिला जे दिले आहे ते तिच्या नावाने दिले आहे. आमचे लग्न कोणाला मान्य नसले, तरी त्यातला एक शब्द बदलत नाही.

३. लग्नाआधी ती टॉकीजच्या मागच्या गल्लीत राहत होती. तिथल्या बायका दारात बसत आणि पुरुष येत. गावाला हे माहीत आहे, म्हणून लपवत नाही. ती तिथे कशी आली हे तिने मला एकदाच सांगितले. "दलालानं आनलं, न् मी आली." मी पुन्हा विचारले नाही.

सिनेमात हेच सांगायला तीन रिळे जातात. आजारी आई, दारुडा मामा, शिकणारा भाऊ. ती निर्दोष आहे हे आधी शाबीत करावे लागते, मग प्रेक्षक तिच्यासाठी हळहळायला मोकळे होतात. पंचफुलाकडून असा पुरावा मी मागितला नाही. या कागदाच्या आधारेही कोणी मागू नये.

४. माझ्या चार वह्या आरतीला द्याव्यात. ती अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवते, आणि गोपालच्या घरात पंचफुलाला "मोठी आई" म्हणणारी ती एकटीच आहे.

मी १९७२ ते २००९ या काळात टॉकीजमध्ये मशीन चालवले. टॉकीजचे नाव लिहीत नाही. मालकाचे वारस भांडखोर आहेत. अशा बायकांची गोष्ट सांगणारे त्रेसष्ट सिनेमे मी दाखवले. प्रत्येकाची नोंद वहीत आहे. चव्वेचाळीस सिनेमांत ती शेवटी मरते. अकरांत तिचे लग्न होते. त्यातल्या सहांत ती मुळात चांगल्या घरातली हरवलेली मुलगी निघते. आठांत ती कुठेतरी निघून जाते, देवळाकडे किंवा स्टेशनकडे. कोठ्याची मालकीण म्हातारी असते, पण ती निराळी बाई, आणि बहुधा वाईट. नायिका एकाही सिनेमात म्हातारी झालेली मी दाखवली नाही.

आरती यावर लेख लिहील. तिने एक लक्षात ठेवावे. मीही मराठी घेऊन बी. ए. झालो. आमच्या सरांना हे सिनेमे भडक वाटत. मलाही वाटत असे. लेखकाला नायकाच्या घरात ती बाई ठेवायचे धैर्य नसते, म्हणून तो तिला मारतो, असे मी पहिल्या वहीत लिहिले आहे. ते खोटे नाही. पण अपुरे आहे. त्याच सिनेमांनी सगळ्यात चांगले गाणे तिला दिले. भर मैफलीत सभ्य पुरुषांना तोंडावर विचारायचा अधिकार दिला, की दिवसा तुम्ही ओळख का देत नाही. गावात तो अधिकार कोणत्याच बाईला नव्हता, घरंदाज बाईलाही नाही. आणि त्या नट्या. एकीचे एक दृश्य मी शंभराहून अधिक वेळा पाहिले: गिऱ्हाईक जिना चढत आहे आणि ती न वळता केसातली पिन काढून तोंडात धरते. एवढेच. संवाद नाही. मशीनमधली उजेड देणारी कार्बनची कांडी बदलायची वेळ झाली, तरी मी ते दृश्य संपेपर्यंत थांबत असे.

५. या कलमात माझी एक चूक नोंदवतो.

१९८१ साली असाच एक सिनेमा लागला होता. शेवटच्या रिळात नायकावर झाडलेली गोळी ती स्वतःच्या छातीवर घेते, नायकाचा हात दुसऱ्या मुलीच्या हातात देते आणि मरते. चार मिनिटे. बायकांच्या वर्गात, कठड्याजवळ, मागच्या गल्लीतली एक बाई रोज दुपारच्या खेळाला बसे. मशीनच्या खिडकीतून मला ती दिसे. मला वाटले, हिला रोज स्वतःचे मरण कशाला दाखवायचे. गुरुवारी मी ती चार मिनिटे कापली आणि त्याआधीच्या दृश्याला थेट शेवटची पाटी जोडली. ती दारात उभी राहते, नायकाकडे बघते, आणि "समाप्त". मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

खेळ सुटल्यावर देवमन वर आला. "केशवभाऊ, ते मांगच्या गल्लीतली बाई वर येऊन राहिली. लय भडकली हाय. मी काही तिले अडवलं नाई बाप्पा."

ती दारात उभी राहिली. मशीनकडे तिने पाहिले नाही.

"पिच्चर कोनं कापला?"

"मी."

"काहून?"

"दर वेळी मरते ती. म्हटलं, एकदा जगू द्यावी."

"तुमाले काय मालूम," ती म्हणाली. "माह्या बाजूले सोनाराची बायको बसते. मले हात लागला तं पदर झटकते. ते बाई मरते ना पिच्चरमंदी, तवा हे सोनारीन पदर तोंडाले लावून रडते. सारी टॉकीज रडते. चार मिनिटं हे गाव आमच्यासाठी रडते. आन् तुमी तेच कापले."

मी कापलेला तुकडा उचलला.

"लावा वापस," ती म्हणाली आणि खाली गेली.

पुढच्या खेळाला मी तो तुकडा जोडून चालवला. ती पुन्हा बसली. बायका रडल्या. ती रडली नाही. ती रडणाऱ्यांकडे पाहत होती.

ती पंचफुला. तीन वर्षांनी आमचे लग्न झाले. त्यानंतर भाड्याची खोली शोधताना आम्हाला सात घरांतून नकार आला. त्यातले एक घर त्या सोनाराचे होते. तरी मी त्या सिनेमांना नावे ठेवत नाही. अंधारात जेवढे जमले तेवढे त्यांनी केले. दिवे लागल्यावर काय करायचे, हे काम त्यांचे नव्हते.

६. घर. जठारपेठेतल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओटा, माझ्या कमाईतून १९९१ साली घेतलेले. वडिलांचा त्याच्याशी संबंध नाही. खरे तर त्यातली निम्मी कमाई पंचफुलाच्या ब्लाउजांची आहे.

गेल्या दिवाळीत गोपाल आणि नितेश आले. गोपाल ओट्यावरच बसला. नितेश मला म्हणाला, "मोठेबाबा, त्या बाईले राहू द्या ना हयातभर. आमी काय हाकलून राहिलो का? पन मंग घर घरात याव. भुयाराचं घर भुयाराकडं."

मी म्हणालो, "ती बाई म्हणजे कोण?"

तो मोबाइल बघू लागला.

स्वयंपाकघरातून पंचफुला म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. मले काय करायचं हाय घर घेऊन? हयातभर पुरे."

हे वाक्य मी खूप वेळा ऐकले आहे, मशीनच्या खिडकीतून. ती बाजूला होते, नायकाच्या घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि तिच्या त्यागाचे सगळ्यांना फार कौतुक वाटते. नितेशलाही वाटले. जाताना प्रथमच त्याने तिने केलेला चहा घेतला.

म्हणून लिहितो. माझ्यामागे हे घर पंचफुलाच्या पूर्ण मालकीचे होईल. राहण्यापुरते नाही. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, गहाण टाकावे किंवा कुलूप लावून ठेवावे. तिच्यामागे ते कोणाला जावे हे ती ठरवील. बँकेतली शिल्लक, घरातली भांडी आणि दोन्ही शिलाई मशीनही तिचीच.

७. किरकोळ. नितेशला एक सदरा द्यावा. तो जन्मला तेव्हा पंचफुलाने शिवून पाठवला होता. तो सदरा तसाच परत आला. कपाटात खालच्या फळीवर आहे. माप आता लागणार नाही. त्याला याखेरीज काही नाही.

देवमन साक्षीदार असल्यामुळे त्याच्या नावे काही ठेवू नये, असे वकील म्हणाले. देवमन म्हणाला, "मंग जे द्याचं हाय ते आताच दे." टेबलफॅन त्याने त्याच दिवशी नेला.

माझी तेरवी करू नये. व्यवस्थापक म्हणून वकील अनुप तायडे यांना नेमतो.

८. हे कलम काल वाढवले. येथवर लिहून झाल्यावर मी सगळे पंचफुलाला वाचून दाखवले. अनुप समोर बसले होते. ती काजे करत होती. सोनाराच्या बायकोपाशी हसली, सदऱ्यापाशी हसली नाही. घराचे कलम तिने दोनदा वाचायला लावले.

मग म्हणाली, "आन् तुमच्या आंधी मी मेली तं?"

मी म्हणालो, "तसं होणार नाही."

"ते कोर्टाले सांगा."

अनुप म्हणाले, "काकू बरोबर बोलल्या. त्या आधी गेल्या, तर कलम सहा रिकामं पडेल. घर मग कायद्याने गोपालरावांच्या घरी."

त्रेसष्ट सिनेमांची नोंद ठेवणाऱ्या माणसाला ही शक्यता सुचली नव्हती. मी विचारले, "तर मग कोणाला?"

तिने दोरा दाताने तोडला. "मनकर्णाले."

मागच्या गल्लीत मनकर्णा आणि ती एका खोलीत राहत. गल्लीतली वस्ती उठली तेव्हा मनकर्णा अमरावतीला गेली, एवढेच मला माहीत होते. पंचफुला महिन्यातून एकदा अस्तराचे कापड आणायला एसटीने अमरावतीला जाते. अस्तर अकोल्यातही मिळते. मी कधी विचारले नाही.

"दुसऱ्याच्या पडवीत राहून राहिली," पंचफुला म्हणाली. "पापड लाटते. गुडघे गेले तिचे. मी मेली तं तिले कोन पाहीन?"

अनुपनी विचारले, "ओळख काय लिहायची, काकू? मैत्रीण?"

"नाव लिवा. पत्ता लिवा."

"नातं लिहिलेलं बरं असतं. पुढे कोणी विचारलं तर."

तिने पुढचे काज घेतले. मग म्हणाली, "एका ताटात जेवलो आमी. बारा वर्षं. असं लिवता येते का?"

अनुप म्हणाले, "येतं."

तर लिहितो. पंचफुला माझ्याआधी गेली, तर जठारपेठेतले घर श्रीमती मनकर्णाबाई यांना मिळेल. वय अंदाजे सत्तर. आडनाव त्या लावत नाहीत. अमरावतीचा पत्ता सोबतच्या कागदावर आहे. त्या आणि माझी पत्नी बारा वर्षे एका ताटात जेवल्या आहेत. त्यांनाही घर राहण्यापुरते नाही, पूर्ण मालकीने.

एवढे मी लिहिले, मोठ्याने वाचले आणि त्याखाली सही केली. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण: जठारपेठ, अकोला
दिनांक: १२ जानेवारी २०२६

(सही) केशव खुशालराव भुयार

साक्षीदार:
१. (सही) देवमन सखाराम वानखडे, निवृत्त डोअरकीपर, अकोला
२. (सही) संध्या प्रभाकर गावंडे, निवृत्त परिचारिका, शेजारी, जठारपेठ, अकोला