बुरशी, व्हिनेगर आणि बाहेरची रांग

व्हिटबी, गुरुवार
(वारा नेहमीचाच)

ती. एडनाताईस,

धाकट्या विल्फ्रेडचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? सिरिल भावोजींच्या नव्या खुब्याची मी चौकशी केली म्हणून सांग. (जुनाही बरा होता, पण भावोजींना नवं काही दिसलं की घेतल्याशिवाय चैन पडत नाही.) इकडे मी खुशाल आहे. फक्त हातांचा व्हिनेगरचा वास जात नाही, आणि तो का, हे कळवण्यासाठीच हे पत्र.

शनिवारी तुम्ही आपली सहलीची, झोपायची व्हॅन न्यायला येणार. हिवाळ्यासाठी ती माझ्या दारात ठेवताना भावोजी काय म्हणाले, ते तू ऐकलंच आहेस. गाडीला काही झालं तर यंदा स्कॉटलंडला आपण दोघंच, विल्फ्रेड बसेल घरी. हसत म्हणाले खरे, पण भावोजी हसत म्हणतात तेच नेमकं करतात. ताई, माझी बायको, मार्जरी, गेल्यापासून माझ्या वर्षात त्या सहलीशिवाय दुसरं काही नाही. मागच्या आखूड बाकावर पाय दुमडून मी भावोजींचं घोरणं ऐकत पडतो आणि मला तिथे फार बरं वाटतं. म्हणून गादी उचलल्यावर खाली काळीहिरवी बुरशी दिसली, तेव्हा मी तसाच शेजारी धावलो.

ती आली कशी, हे विचारू नकोस. (विचारशीलच, म्हणून सांगतो.) खालच्या झरोक्यांतून वारा शीळ घालायचा, म्हणून मी त्यांत जुने लोकरी मोजे कोंबले आणि दारं लावून रोज आत चहा उकळत बसलो. (गॅसचं नाव काढू नकोस, मी जिवंत आहे.) चहा घरातही झाला असता, पण घरातून समुद्र दिसत नाही. वाफ बिचारी जाणार कुठे? गादीखाली, कपाटात, पडद्यांवर, जागा मिळेल तिथे तिने संसार थाटला.

शेजारच्या मेटकाफबाई म्हणाल्या, गरम व्हिनेगरने पुसा आणि वाऱ्यावर वाळवा. मी व्हॅन समुद्राकाठी नेली, बाजूची मोठी खिडकी उघडली आणि कामाला लागलो. सगळ्यात जास्त बुरशी होती वर, भावोजींच्या बिछान्यावरच्या छताला. (तिथे मी या जन्मात कधी चढलो नव्हतो. ते चढू देतात कुणाला?) वाफेने चष्मा धुरकटला, तो खिशात टाकला. हिरवट करडा एवढा मोठा पट्टा, आणि त्याचं वरचं टोक तर महाहट्टी. पण मीही तारेची घासणी घेतली होती. ते टोक पार निघाल्यावरच खाली उतरलो.

उतरतो तर खिडकीसमोर रांग. पांढरी गाडी, उघडी खिडकी, व्हिनेगरचा घमघमाट. पहिल्या गृहस्थाला वाटलं, व्हिनेगर शिंपडलेल्या फिश अँड चिप्सची गाडी आली. बाकीचे त्याच्यामागे उभे राहिले, कारण रांग कशाची हे विचारणं आपल्या लोकांना असभ्य वाटतं. त्याने विचारलं, "कॉड आहे का, की नुसता हॅडॉक?" मी सरळ सांगायला हवं होतं की बुरशी आहे. पण इतका वेळ वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसांना असं कसं सांगायचं? मी म्हणालो, मासे संपले, चहा आहे. तर एकही हलला नाही. तेवढ्यात पाऊस आला. मग सगळे आत, दार बंद, किटली गॅसवर. काचांवरून पाणी ओघळायला लागलं. एका भल्या माणसाने पायाला गार लागतं म्हणून स्वतःचा मफलर माझ्या नुकत्याच मोकळ्या केलेल्या झरोक्यात कोंबला. मेटकाफबाईही आल्या होत्या. त्या छताकडे बघून काहीतरी म्हणाल्या, पण मी कप विसळण्यात होतो.

असो. मंडळी गेल्यावर पुन्हा सगळं पुसलं, वाळवलं. व्हॅन लख्ख आहे. शनिवारी खुशाल या, जेवायला बटाट्याच्या थराखाली मासे भाजून ठेवतो.

तुझा,
विल्फ्रेड

ता. क. भावोजींनी मागच्या शरदात छताला काही रंगवलं होतं का गं? मेटकाफबाई म्हणाल्या होत्या ते आता लक्षात आलं. "नकाशा सुरेख काढलाय हो, पण स्कॉटलंड कुठे गेला?" चष्मा लावून वर चढलो. खाली इंग्लंडचं दक्षिण टोक, कॉर्नवॉल, स्पष्ट दिसतं. त्यावर एक लाल टिंब आहे, आपला तंबू उडाला होता तिथेच. टिंबाशेजारी बारीक अक्षरात तीन नावं आहेत, आणि तिसरं माझं आहे. ताई, ते मी तीनदा वाचलं.

ता. ता. क. तेव्हा एवढं कर. यंदा वेल्सला जाऊ, असं भावोजींच्या गळी उतरव. वेल्स शाबूत आहे, मी त्याला बोटही लावलेलं नाही. आणि काही झालं तरी त्यांना वरच्या बिछान्यावर चढू देऊ नकोस, नवा खुबा आहे. वर मी झोपतो.