मामांच्या गाडीचा टर्बो

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिसरी गाडीही नापास! वाकडला पाहिली. दिसायला झक्कास, मालक गोड बोलणारा. हवेचा पाइप काढून, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या पात्याचा दांडा बोटांनी हलवला — हलतोय. डायल गेज लावून किती हलतोय ते मोजलंसुद्धा. आमच्या चाकणच्या टर्बो कंपनीत लाइनवर असा पीस आला असता तर सरळ नापास मालाच्या लाल डब्यात गेला असता. मालक म्हणाला, "भाऊ, सत्तर हजार किलोमीटर चाललीय, थोडं हलणारच." बारा वर्षं टर्बो तपासतोय मी, मला शिकवतो!

घरी आलो तर बायको करिष्मा म्हणते, "गाडी घेतोयस की माल पास करतोयस?"

७ नोव्हेंबर

बायकोची भीती मला कळते. मागची डिझेल गाडी तिच्या सयाजीमामांकडून घेतली होती. दोन वर्षं चालली. मग दिव्याच्या, म्हणजे करिष्माच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला निघालो आणि खेडच्या घाटात टर्बो गेला. निळा धूर, गाडी ठप्प. सख्ख्या बहिणीच्या अक्षता चुकल्या. मी तिथूनच मामांना फोन लावला आणि नको नको ते बोललो — भाचीच्या गळ्यात खराब माल मारलात म्हणून. मामा गप्प. गाडी त्यांनीच ओढून नेली. सहा वर्षं झाली, त्यांच्या घराची पायरी चढलेलो नाही.

आता तिची अट एकच. वाटेत बंद पडणारी नको. पडली तर पुन्हा माझ्या गाडीत बसणार नाही. हसत म्हणाली, पण खरंच म्हणाली.

आणि मला हवी टर्बो पेट्रोल! पाय दाबला की पाठ सीटला चिकटली पाहिजे. चाळिशी आली म्हणून काय झालं.

१० नोव्हेंबर

करिष्मा म्हणते, मामांना विचार की एकदा, त्यांना गाड्यांतलं कळतं. मी विषय बदलला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

राजगुरुनगरला गाडी पाहिली. लाल सेडान, मालकीण योगिनीमॅडम, शाळेत गणित शिकवतात. तेल कधी बदललं ते तारखांसकट वहीत!

सोबत मोशीचा मेकॅनिक कोंडाजी होता. थंड इंजिन सुरू केलं, धूर नाही. बंद करून पाहिलं तर दांडा मात्र हलला. मी गेज काढलं तर कोंडाजीने हातातून घेऊन बाजूला ठेवलं. "राव, बंद इंजिनात तेलाचा दाब नसला की आडवा जरासा हलणारच. तेल आलं की तेलावर तरंगतोय तो. मागं-पुढं सरकतोय का ते बघ." सरकत नव्हता. पातीही कुठे घासलेली नव्हती. आमच्याकडे फक्त नवे पीस येतात. हजारो किलोमीटर चाललेला टर्बो मी कामावर बारा वर्षांत कधी हातात धरलेला नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. वाकडची गाडी उगाच सोडली बहुतेक. जाऊ दे.

हायवेला पळवली. काय खेचते! हसू आवरेना. दारात परत येऊन किल्ली फिरवली, तर मॅडम जवळजवळ ओरडल्याच. "अहो, लगेच नका बंद करू! मिनिटभर चालू राहू दे. टर्बो तापलेला असतो, आत तेल जळून बसतं." शाळकरी पोरासारखा पुन्हा सुरू करून बसून राहिलो.

ठरलं. हीच घ्यायची.

१५ नोव्हेंबर

गाडी दारात! करिष्माने ओवाळली, मी नारळ फोडला. चऱ्होली ते आळंदी एक फेरी मारली. ती एवढंच म्हणाली, "बरी आहे." तिचं बरी म्हणजे खूप. आज फार छान वाटतंय.

१८ नोव्हेंबर

शिफ्टवरून येताना चाकण चौकात सिग्नल लागला आणि हात आपोआप किल्लीकडे गेला.

डिझेल वाचवायची जुनी सवय. मामांच्या गाडीला दोन वर्षं मी हेच केलं. हायवेवरून भरधाव यायचं आणि थांबलं की खटकन बंद — सिग्नल असो, टोलनाका असो, चहाची टपरी असो. तेल बदलायलाही चार-चार महिने उशीर. अजून चालेल, अजून चालेल.

म्हणजे टर्बो चांगला होता. मीच मारला तो. सिग्नल सुटला तरी मी तिथेच, मागचे हॉर्न वाजवतायत. फार लाज वाटली.

करिष्माला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मामांना सांग."

२० नोव्हेंबर, गुरुवार

केला फोन. सगळं सांगून माफी मागितली. मामा म्हणाले, "म्हाईत हाय, जावईबापू. टर्बो खोलला तवाच दिसलं. आत तेलाचा निस्ता कोळसा झालता."

मी विचारलं, मग सहा वर्षं बोलला का नाहीत?

"आमचा जावई टर्बोच्या कंपनीत हाय, त्याला समदं कळतं, असं गावभर सांगत हुतो मी. आन् मीच तुमाला खोटं पाडू व्हय?"