हद्दीपलीकडचं मत

मन्रो, विस्कॉन्सिन
५ सप्टेंबर २०००

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. तू चर्चच्या सहलीला गेलास आणि मी तिला गाडीत घालून आणलं, म्हणून तुझा तिळपापड झाला असेल. हवापालट म्हटलं तर तुला पटणार नाही, तेव्हा खरंच सांगते. मला तिचं मत हवंय.

राष्ट्राध्यक्ष देशभरच्या बेरजेवर थोडाच ठरतो? राज्यात जो पुढे, तो त्या राज्याचे सगळे निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, खिशात घालतो आणि बाकीच्यांची मतं पाण्यात. तुमच्या इलिनॉयमध्ये निकाल शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इथे मात्र अटीतटीचं आहे. आई बाबांच्या वेळेपासून आमच्या पक्षाची, तिचं मत तिकडे कशाला वाया घालवायचं? तिचा इथला पत्ता नोंदवलाय. निवडणूक झाली की आणून सोडते.

तुझं मत तर जन्मभर असंच वाहून गेलं. त्याचा राग माझ्यावर काढू नये, लोभ राखावा.

तुझी लोर्ना


फ्रीपोर्ट, इलिनॉय
९ सप्टेंबर

चि. लोर्ना,
अ. उ. आ.

आई म्हणजे काय उसनं न्यायचं भांडं आहे? तिचं हृदय निम्मंच चालतं. डॉक्टर इथे, तिचा पलंग इथे. तुमच्या गावातल्या चीजच्या वासाने तिला मळमळतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. बाबा गेले तेव्हा तुला यायला दोन दिवस लागले होते. मतासाठी बरी तासाभरात आलीस.

रविवारी तिला न्यायला येतोय. तिचं मत तुमच्या पदरात पडलं नाही तर मला आनंदच होईल, तेही लपवत नाही. दार उघडं ठेवावं.

व्हर्लिन


मन्रो
१४ ऑक्टोबर

चि. व्हर्लिन यास आईचे अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी तू अंगणात, लोर्ना दार अडवून आणि मी खिडकीत. जाताना तू तिला म्हणालास, "आज दिली नाहीस, तर आता तूच सांभाळ." ते मला ऐकू आलं. माझ्यासाठी तुम्ही दोघं इतके कधी भांडला नव्हता. आधी जरा बरं वाटलं, मग कशासाठी ते कळलं.

परवा टपालाने मत दिलं. साक्षीची सही लोर्नाची आहे, पण खूण करताना मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं. कुणाला दिलं ते तिला सांगितलं नाही आणि तुलाही लिहीत नाही. घरी आले की सांगेन.

तिचं काम झालंय, आता मला ने. आडवं झालं की धाप लागते. पाऊण तासाचा तर रस्ता. रोज दुपारी कोट घालून बसते. येताना माझी लोकरी चादर आण, गाडीत गारठा असतो.

तुझी आई


मन्रो
२० ऑक्टोबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

आता आईला खुशाल घेऊन जा, माझी हरकत नाही. वरची खोली पक्षाच्या प्रचाराला आलेल्या मुलींना दिली आहे. आई तळघरात कोचावर झोपते आणि जिने चढताना सारखी थांबते. मला दारोदार फिरायचं असतं, तिच्यामागे कोण राहणार? मागे मोठा पुळका आला होता ना, मग लवकर यावं.

लोर्ना


फ्रीपोर्ट
२५ ऑक्टोबर

चि. लोर्ना,
अ. उ. आ.

मत टाकून झाल्यावर तिला आणून मी काय करू? टपालात पडलेलं परत मागता येत नाही. आता नेली तर तू फुकटात सुटशील आणि दारोदार फिरायला मोकळी. बसू दे तुला घरात. सात तारखेचं मतदान झालं की बघू. तिलाही तसंच सांगावं.

व्हर्लिन


मन्रो
४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

काल फोनवर आई गेल्याचं सांगितलं आणि तू एक शब्द न बोलता फोन ठेवलास, म्हणून लिहिते. दुपारी कोचावर बसल्या बसल्याच गेली. कोट अंगावरच होता.

एक विनंती आहे. मतदानाच्या दिवसाआधी माणूस गेल्याचं कळलं, तर इथे त्याच्या टपाली मताचं पाकीट उघडत नाहीत. पाद्रीबुवांना मंगळवारपर्यंत गप्प राहायला सांगितलंय. पेपरात बुधवारी देऊ. तिला आता घाई नाही. तूही कुठे बोलू नकोस. तिची शेवटची इच्छा समज. एवढी माया दाखवावी.

लोर्ना


फ्रीपोर्ट
६ नोव्हेंबर

चि. लोर्ना,

तुझं पत्र दुपारी मिळालं. सकाळी मी मन्रोलाच होतो. शुक्रवारी तुझा फोन ठेवला आणि लगेच तुमच्या मतदान कचेरीला लावला. तोंडी चालत नाही, मृत्यूचा दाखला लागतो म्हणाले, म्हणून दफनाचं बघणाऱ्याकडून तो घेऊन स्वतः गेलो. पाऊण तासही लागला नाही. कचेरीतल्या बाईंना माझ्याबद्दल फार वाईट वाटलं. त्यांनी माझ्यादेखत आईचं पाकीट शोधून वेगळं ठेवलं. तुझ्या घरावरूनच परतलो, थांबलो नाही.

उद्या मी इथे मत देईन आणि ते नेहमीसारखं वाहून जाईल. पण ज्या राज्यात मताला किंमत आहे, तिथलं एक मी कमी केलं. जन्मात माझं एवढंच मत कामाला आलं.

बाबांच्या शेजारची जागा खणायला सांगितली आहे. गुरुवारी तिला घेऊन यावं. चादर इथेच आहे.

कुणाला दिलं ते घरी आल्यावर सांगेन, असं तिने मला लिहिलं होतं. लोर्ना, तुला जर काही बोलली असेल, तर मला सांगू नकोस.

व्हर्लिन