अर्ध्यावर थांबणारी काच

रविवार, ४ फेब्रुवारी

"मालक कुठायत?" — आज पहिलाच प्रश्न हा. चाव्या माझ्या हातात, नखांत ग्रीस माझ्या, आणि हा गृहस्थ माझ्या नवऱ्याला शोधतोय! नवरा घरी लोळत होता. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला तो येत नाही. त्याला गाडी म्हणजे मागे टेकून डुलकी काढायची जागा.

"मालक मीच," म्हटलं.

"असं?" म्हणून त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग चार माणसं ऐकतील अशा आवाजात — "ह्या मॉडेलची मागची डावी काच अर्ध्यावरच थांबते. कंपनीनंच तशी केलीय. तुमची थांबते का, बाई?"

धादांत खोटं. कंपनीनं असलं काही केलेलं नाही, गाडीची माहितीपुस्तिका मला पाठ आहे. पंचाईत एवढीच की माझी थांबते. घेतली तेव्हापासून थांबते. आणि क्लबचे तपासणीवाले दोघं शेजारच्याच गाडीत डोकं घालून उभे. मी ठणकावून सांगितलं, "माझी पूर्ण उतरते."

"मग नसेल," असं काहीतरी पुटपुटत गेला. जाताना माझ्या दारावरून हात फिरवून गेला, कालच पॉलिश केलेल्या! त्याचं नाव मी सर्वज्ञ ठेवलंय.

सोमवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर लोकांची तोंडं उघडायची आणि रविवारी एकाचं बंद करता येऊ नये. दातांची डॉक्टर होऊन काय मिळवलं!

पंचवीसला क्लबची वार्षिक तपासणी. सगळं कारखान्यातून निघालं तसं आणि चालू असेल तर गाडी 'अस्सल'च्या रांगेत. नाहीतर 'इतर' — स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून. मी दरवर्षी त्या भिंतीला. भंगारवाल्याच्या अंगणातून उचललेली गाडी, आधी कुणाची होती ते त्यालाही ठाऊक नाही. "हौस फिटली की विकून टाकतील बाई," असं क्लबात बोलले होते. माझ्या कानावर आलं. मला ती रांग हवीय.

गॅरेजच्या मिस्त्रींना काचेचं सांगून ठेवलं.

रविवार, ११ फेब्रुवारी

एकजण बॉनेटला टेकून "लिटरला किती देते?" दुसरा — "एवढ्यात नवी आली असती की." ह्यांचं मी मनावर घेत नाही. पावसाळ्यात बेडूक ओरडणारच.

पण सर्वज्ञ! आज म्हणतो, "ब्रेक दाबला की आतला दिवा लागतो ह्यांचा. मुद्दाम केलंय कंपनीनं. मागे पोरं पडली-बिडली तर दिसावीत म्हणून." सगळे हसले. क्लबचे सेक्रेटरी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

आणि हसता हसता आठवलं. माझ्या गाडीचा दिवा तसाच लागायचा. गेल्या वर्षी मिस्त्रींनी वायरी बदलल्या तेव्हा थांबला.

सर्वज्ञ हसला नव्हता. माझ्याकडेच बघत होता. "तुमचा लागतो?"

"नाही."

खरं बोलले. तरी तोंडात कडू चव राहिली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

मिस्त्रींना विचारलं, माझ्या गाडीची गुपितं बाहेर कुणाला सांगता का? ते इतके दुखावले की पाना खाली ठेवून हात पुसायला लागले. "ताई, गिऱ्हाइकाच्या गाडीचं मी घरीसुद्धा बोलत नाही." माफी मागितली. चहा पाजला. तो त्यांनी फुरंगटूनच प्यायला.

मग ह्या माणसाला कळतं कुठून?

रविवार, १८ फेब्रुवारी

सर्वज्ञ आला नाही. त्याची वाट बघत होते, हे इथे लिहायला हरकत नाही.

सेक्रेटरींना खोदून विचारलं. म्हणाले, "अहो, त्याचं काय घेऊन बसलात! स्वतःकडे गाडी नाही, स्कूटरवर येतो. तुमच्या मॉडेलची गाडी दिसली की तीच टेप. काच अर्ध्यावर, ब्रेकला दिवा. वर्षानुवर्षं दुसऱ्या गावांतल्या मेळाव्यांत फिरतोय म्हणे, आपल्याकडे यंदाच यायला लागलाय. लोक तोंडावर हसतात, तरी पुढच्या गाडीला तेच."

इतर गाड्यांबद्दल काही बोलतो का, विचारलं.

"नाही हो. तसं कधी ऐकलं नाही."

घरी येताना तेच डोक्यात. थापाड्या माणसाची थाप दर खेपेला थोडी वाढते. माझे पेशंट बघावेत — दात कसा तुटला, ते तीन वेळा तीन तऱ्हेनं सांगतात. ह्याची वर्षानुवर्षं तसूभरही हललेली नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मिस्त्रींनी डावं दार आतून उघडलं. काचेच्या खाली आडवी अडकलेली — लाकडी पट्टी! शाळेतली, फूटभर. वरच्या फटीतून कुणीतरी आत सोडलेली.

"पोरांचे उद्योग," मिस्त्री म्हणाले. काच आता लोण्यासारखी खाली जाते.

पट्टी क्लिनिकमधे आणून दिव्याखाली धरली. एका कडेला चावल्याच्या खुणा, अगदी बारीक. दुधाचे दात. मधे काहीच नाही, दोन्ही बाजूंना आहेत. म्हणजे पुढचे दात पडलेले. सहा-सात वर्षांचं पोर, मागे बसून कंटाळलेलं. इतकी वर्षं गाडी माझ्याकडे आहे, आणि तिच्यात आधी बसलेलं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. बाहेर पेशंट खोकत होता तरी मला पट्टी ठेववेना.

शनिवार, २४ फेब्रुवारी

गाडी धुतली, पुसली, आरशासारखी केली. पट्टी पर्समधे टाकली. उद्या सर्वज्ञानं तोंड उघडलं की तपासणीवाल्यांसमोरच दाखवणार — ही बघा तुमच्या कंपनीची सोय! एकदाचा सोक्षमोक्ष.

नवऱ्याला सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "त्याला गप्प कर, पण आधी एक विचार. दोन्ही वेळा त्याचं बरोबर कसं आलं?"

"योगायोग," म्हटलं.

"बरं," म्हणाला. त्याचं हे 'बरं' मला अजिबात आवडत नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी

आला. नेहमीसारखाच, नमस्कार नाही की काही नाही. "आज तरी काच दाखवता का?" मी काचेचं हँडल फिरवलं. पूर्ण उतरली. मी पर्सकडे हात नेला.

तो रिकाम्या खिडकीकडे बघत राहिला. मग एकदम हळू आवाजात, "नीट करून घेतलीत. पट्टी टाकून दिलीत का?"

पट्टीचं मी मिस्त्री आणि नवरा सोडून कुणाला बोललेले नाही.

"एका कडेला चावलेली असेल," तो म्हणाला. "धाकटीची. टाकली तिनं, आणि बाबा रागावतील म्हणून आम्ही दोघांनी सांगितलं, काच अशीच आहे, कंपनीचीच. नंतर बाबाही सगळ्यांना तेच सांगायचे. ब्रेकच्या दिव्याचंही तसंच."

एवढी वर्षं, गावोगाव, प्रत्येक गाडीला तो हेच विचारत होता. आणि ज्या एका गाडीनं 'हो' म्हणायचं, तिच्या मालकिणीनं तोंडावर दोनदा 'नाही' म्हटलं.

"धाकटी कुठे असते आता?" विचारलं. त्यानं फक्त नकारार्थी मान हलवली.

तपासणीवाले आमच्या रांगेत शिरले होते. मी पट्टी त्याच्या हातात दिली आणि त्याला बसायला दार उघडलं. मागचं, डावं.