तिसरं नाव आणि पाच दिवसांची शांतता

२४ ऑगस्ट, रविवार

सगळ्यात आधी कोण टपकली, तर पुन लेवान! चुलीवरच्या कॉफीला अजून उकळी नाही आणि ही हजर, हातात अननस. अननस म्हणजे निमित्त. "काय गं सिना, काल तुझा फोन बराच वेळ चालला होता." म्हणजे हिची चूल तिकडे आणि कान माझ्या चुलीपाशी! आमच्या लांबघराचं हे असंच. सगळ्यांच्या चुली एका ओळीत. पहिल्या चुलीपाशी कुणी शिंकलं की शेवटच्या चुलीपाशी औषध उकळायला ठेवतात.

सांगून टाकलं. माझ्या पोटात राहतं कुठे काही! माझा गालिह येतोय मिरी शहरातून. बायकोला घेऊन आणि माझ्या नातीला घेऊन! मलेशिया दिनाच्या सुट्टीला जोडून पाच दिवस. म्हणाला, "आई, सगळं ठरवलंय. बाळाला घेऊन येतोय." सगळं ठरवलंय! यात न कळण्यासारखं काय आहे? बाळ पहिल्यांदा गावी येतंय म्हणजे नावांची मेजवानीच.

नात झाली त्याला वर्ष होऊन गेलं, आणि मी अजून सिना राबानच. पोर होते तेव्हा माझं नाव सुपांग होतं. गालिह झाला, गावजेवण घातलं आणि सिना राबान झाले. आता आजी झाले तर तिसरं नाव यायला हवं. पण ते घरबसल्या येत नाही. डुकरं कापायची, म्हैस कापायची, चारी दिशांची गावं बोलवायची, बाळाला पुढ्यात घेऊन सगळ्यांच्या कानावर नाव घालायचं. मुलगा-सून आईबाप झाले म्हणून त्यांनाही नवी नावं, आम्हा म्हाताऱ्यांनाही नवी. सगळी एकाच दिवशी. एक जण अडला की सगळी रांग अडली.

पुन लेवानचा नातू माझ्या नातीच्या मागून जन्मला, आणि तिची मेजवानी होऊनसुद्धा गेली! तेव्हापासून ही आधी नाव सांगते, मग बसते.

माझं नाव मी ठरवून ठेवलंय. माझ्या म्हाताऱ्यालाही सांगितलं नाही. इथेही लिहिणार नाही. भिंतीपलीकडे ती आहे!

२५ ऑगस्ट

चर्चच्या पाळकांनी काल संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मेजवानीचं जाहीर करून टाकलं. मी नाही सांगितलं त्यांना. म्हणजे, सांगितलं. पण जाहीर करा असं नाही सांगितलं.

२९ ऑगस्ट

घात झाला!

गालिहचा पुन्हा फोन. मी आपली विचारतेय, म्हैस कुणाची घ्यायची, तुझ्या काकाची की खालच्या वाडीची? तो सगळं ऐकून घेतो. मग म्हणतो, "कसली म्हैस, आई?"

मेजवानीबिजवानी काही नाही. सुट्टी घालवायला येतायत. सुट्टी! सून फार थकलीय म्हणे. कामाचं ठिकाण, रडणारं बाळ, वर-खाली दोन्हीकडे शेजाऱ्यांचे टीव्ही. तिला डोंगर बघायचेत, धुकं बघायचंय, लवकर झोपायचंय. "आई, तिला शांतता हवीय. कुणाला सांगू नकोस आम्ही येतोय ते."

कुणाला सांगू नकोस! आता देशाच्या सीमेपलीकडच्या गावांतसुद्धा कळलं असेल.

म्हाताऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "तू तर नांगरणीआधीच उखळ मांडून बसलीस!" मी पातेलं आपटलं. मग तो उठून बाहेर गेला आणि उगाच कुंपण ठोकत बसला. त्यालाही नाव हवंय. बोलत नाही एवढंच.

३१ ऑगस्ट, रविवार

चर्चमधून बाहेर पडताना एकेकीला गाठून सांगितलं, मेजवानी नाही, नुसतेच येतायत, येऊ नका. सगळ्यांनी मान डोलवली. "हो हो, नाही येणार." आणि लगेच, "लाकडं किती लागतील?" सांगितलेलं परत घेता येत नाही हेच खरं. पुन लेवान म्हणाली, "अगं, शांतता काय, आम्ही शांतपणे येऊ की!"

३ सप्टेंबर

सारखी येरझारा घालतेय. शांतता म्हणजे नक्की काय द्यायचं माणसाला? भात देता येतो. गादी देता येते. लांबघरात शांतता कुठून आणू? इथे म्हातारा कूस बदलतो तेही पाचव्या घराला कळतं.

मग सुचलं, खोप! भातखाचरांच्या पलीकडची आमची शेतावरची खोप. लावणी नुकतीच झालीय, सगळं हिरवं. जवळच ओढा. कोंबडासुद्धा ऐकू येत नाही. पावसाळ्यात आपण राहतो तिथे, कंटाळून जीव जातो. पण गालिहला सांगितलं तर तो ओरडलाच, "आई, अगदी हेच! हेच तर तिला हवंय!" मग त्याने मला तासभर छळलं. खोपीतून डोंगर दिसतो का? सूर्य कुठून उगवतो? आता सूर्य कुठून उगवतो हे आईला विचारायचं? पाणी उकळून मीठ काढतात ते झऱ्याचं ठिकाण किती लांब? बाळाला पाठीवर घेऊन जमेल का? म्हटलं, तुला पाठीवर घेऊन मी डुकरामागे पळालेय.

मजा वाटली खरी. पहिला दिवस नुसती झोप. दुसऱ्या दिवशी अननसाचे मळे. मग मिठाचा झरा. तो तिकडे बायकोला विचारतो, मी इकडे म्हाताऱ्याला. जन्मभर जिथे राबलो तिथे बघण्यासारखं काय काय आहे ते आत्ता शोधतोय!

७ सप्टेंबर

खोप झाडली. पुन्हा झाडली. पडदा लावला, काढला, दुसरा लावला.

११ सप्टेंबर

उद्या. कमरेत उसण भरलीय आणि मी बसत नाही. विमान येईल ना? ढग उतरले की ते छोटं विमान वरच्या वर परत जातं. म्हातारा म्हणतो, आभाळाकडे बघून ते हलत नसतं. मग तो तरी कशाला बघत होता?

१२ सप्टेंबर

आले!

पण काय सांगू. धावपट्टीच्या कुंपणाला अख्खं गाव! मी एकेकाकडे डोळे वटारून बघतेय. एक म्हणे पार्सल घ्यायला आलोय. एक म्हणे म्हैस इकडे आली का बघतोय. पाळक हवा खायला आलेले. पुन लेवान तर मोत्यांची टोपी घालून! म्हटलं, ही टोपी लग्नात घालतात. म्हणाली, "ऊन आहे."

सून उतरली. मोई किंग. सिबू शहरातल्या फुचौ चिनी लोकांतली. मिरीला लग्नात बघितली होती तेव्हा गोल होती, आता नुसत्या डोळ्यांखाली सावल्या. एवढी माणसं बघून गालिहच्या मागे सरकली. मी सगळ्यांच्या आधी पोचले. आणि ती माझी चिमणी! विमानात बसवण्याआधी माणसंही काट्यावर तोलतात ना, तर हिलाही तोललं म्हणे. काट्यावर बसून हसत होती. माझ्याकडे बघून मात्र भोकाड पसरलं. पसरू दे! काय आवाज आहे! चारी गावं एका हाकेत येतील.

थेट खोपीत नेलं त्यांना. मागे वळून बघते तर गाव बांधाबांधाने येतंय. म्हाताऱ्याने वाटेवर उभं राहून सगळ्यांना परत पिटाळलं. गुणाचा आहे.

१३ सप्टेंबर

मऊ भात पानात गुंडाळून घेऊन गेले. तर सून खोपीच्या पायरीवर बसलेली, अनवाणी, धुक्याकडे बघत. म्हणाली, "आई, मी रात्रभर झोपले. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा." मलायमध्ये बोलतो आम्ही, तिचं मोडकं, माझं त्याहून. दोन पुडे भात खाल्ला. मग तिसरा.

चिमणी माझ्याकडे आली! आधी माझ्या कानातल्याकडे आली, पण आली.

नावाचं मी काही बोलले नाही. जीभ दाताखाली धरून बसलेय.

१४ सप्टेंबर, रविवार

मी नाही बोलले. पुन लेवान बोलली.

चर्चबाहेर सुनेचा हात धरून, "मग, नव्या आई? तुझं काय नाव ठरलं?"

"मोई किंग," सून म्हणाली.

"ते आत्तापर्यंतचं गं. पुढचं? सासू तुझी ताटकळलीय बिचारी. तू घेशील तेव्हाच तिला मिळणार ना!"

सुनेने गालिहकडे बघितलं. गालिहने बुटांकडे बघितलं. या गाढवाने लग्नाआधीही सांगितलं नाही, नंतरही नाही! मी विचारलं, का रे? तर म्हणतो, "वेळ बघत होतो." तुझी पोरगी आजी होईपर्यंत बघ वेळ!

सून दिवसभर खोपीतून बाहेर आली नाही. मला वाटेवरूनच परत यावं लागलं. आतून तिचा आवाज येत होता. "शांततेसाठी आणलंस की यासाठी?" आणि गालिह, "तसं नाही गं..." त्याच्याकडे पुढचं कधीच नसतं.

आता ती पुन्हा कशाला येईल इथे? नाव गेलं चुलीत. माझी चिमणी वर्षाला एकदा फोनवर दिसेल, आणि मला बघून भोकाड पसरेल.

१५ सप्टेंबर

गालिहला म्हटलं, तू बाळ सांभाळ. सुनेला मीच घेऊन गेले मिठाच्या झऱ्यावर. जंगलातली वाट. ती पुढे, मी मागे, दोघी मुक्या. मी! मुकी!

झऱ्यावर कढया उकळत होत्या. वाफेत तोंड घालून बसलो. मग तीच बोलली. "आई, माझं नाव बाबांनी ठेवलं. ते गेले. त्यांनी दिलेलं आता तेवढंच आहे माझ्याकडे. ते टाकून मी दुसरं नाही घेणार. तुम्ही रागवा."

माझंही पहिलं नाव बापानेच ठेवलं होतं. ते सोडताना मी नाचले होते, कारण नवीन मिळत होतं आणि डुकराचं मटण होतं. बापाला काय वाटलं, मी विचारलं नाही. पण आमच्याकडे बाप स्वतःच नाव बदलून बसलेला असतो, त्याला काय वाटायचंय! तिचं तसं नाही. तिच्याकडे एकच.

म्हटलं, "मग ठेव ते. घट्ट धर."

ती म्हणाली, "पण मग तुमचं?"

म्हटलं, "सिना राबान काय वाईट आहे? या नावाने हाक मारली की मी अजून ओ देते."

बोलले खरी. येताना वाटेत दोनदा ठेच लागली. तिने माझा हात धरला तो लांबघर येईपर्यंत सोडला नाही. ती इतकी जवळ, आणि मला आतून सगळं रिकामं. हे असं कसं असतं?

पुन लेवानला जाऊन सांगितलं. मेजवानी नाही. आताही नाही, पुढेही नाही. ती गप्प बसली. तिला गप्प बसलेलं बघून मला जास्त रडू आलं.

१६ सप्टेंबर

गेले. विमान वेळेवर आलं मेलं. आज ढग कुठे मेले होते?

सून म्हणाली, "परत येऊ, आई." सगळेच म्हणतात. इथे येणारा प्रत्येक पाहुणा धुकं बघतो, अननस खातो आणि परत येऊ म्हणतो.

म्हाताऱ्याला सांगितलं सगळं. बराच वेळ काड्या मोडत बसला. मग म्हणाला, "बरोबर केलंस. पण थोडं हळू बरोबर करायचंस." वेडा!

२० सप्टेंबर

खोपीत गेले होते. काम काही नव्हतं. पडद्याला चिमणीचे चिकट हात लागलेत. धुतला नाही.

२७ सप्टेंबर

सुनेचा फोन. गालिहचा नाही, सुनेचा! सिबूला आईकडे गेली होती, तिला सगळं सांगितलं. आई तिच्यावरच खेकसली म्हणे. "मूर्ख पोरी! तुझ्या बापाला लग्नात दुसरं नाव दिलं होतं थोरल्यांनी. आपल्या चिनी लोकांची जुनी रीतच ती. पहिलं काही टाकलं नव्हतं त्याने. त्यावर दुसरं चढवलं, टोपीवर टोपी!" सुनेला हे माहीतच नव्हतं. फोनवर रडत होती, हसतही होती. म्हणाली, "आई, चढवायचं असेल तर मी घेते." मी विचारलं, आणि शांतता? "शांतता नंतर खोपीत!"

वीस डिसेंबरला येतो म्हणाले. शनिवार. सुनेची आई पण येणार, जंगलातल्या रस्त्याने, विमान नको म्हणाली. पाहुणी म्हणून नाही येत. म्हणते, आजी तर मीही झालेय, मग मला का नाही नाव?

दोन आज्या, आणि माझ्याकडे नाव एकच!